कास्ट कोणती?

तुमच्या ऑफिसात कर्नल कोण आहे?

डेझिग्नेशन नाही विचारत. व्हीपी, जीएम, डिलिव्हरी हेड ही बिरुदं व्हिजिटिंग कार्डावर छापून मिळतात. मी विचारतेय, मीटिंग रूममधे कोण आलं की एसीचा आवाज ऐकू यायला लागतो? मेजर कोण, ज्याला इतरांच्या चुका तारीखवार पाठ आहेत? कॅप्टन कोण, ज्याला वाटतं की अख्ख्या फ्लोअरवर आपणच काय ते शहाणे? आणि तो कोण, ज्याच्याबद्दल सगळे त्याच्यासमोरच बोलतात, पण त्याच्याशी कुणी बोलत नाही?

गेले दोन महिने मी हा खेळ सगळीकडे खेळतेय. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमधे. (आमच्या सोसायटीत तीन कर्नल आहेत आणि जवान एकही नाही, त्यामुळे पाण्याच्या टाकीचा प्रश्न अजून तसाच आहे.) कारण एकच. आमचा हौशी ग्रुप 'कोर्ट मार्शल' बसवतोय आणि कास्टिंगची वही माझ्याकडे आहे.

ग्रुप म्हणजे काय, तर आपल्यासारखीच माणसं. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, मगरपट्टा, खराडी. शनिवार-रविवार एका शाळेचा हॉल, ज्यातले बाक सहावीच्या मुलांच्या मापाचे आहेत. आमच्यात कोड लिहिणारे आहेत, कर्ज मंजूर करणारे आहेत, एक डेंटिस्ट आहे, एक पेरोल सांभाळणारा आहे. दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणतात. तो दिवसा इन्शुरन्समधे असतो, त्यामुळे धोक्याचा अंदाज त्याला आधी येतो.

नाटक स्वदेश दीपक यांचं. अंबाल्याचे, इंग्रजीचे प्राध्यापक, हिंदीतले लेखक. १९९१ मधे दिल्लीत रणजीत कपूर यांनी ते पहिल्यांदा रंगमंचावर आणलं आणि तेव्हापासून आजवर देशात कुठे ना कुठे ते चालूच असतं. कोलकात्यात उषा गांगुलींच्या 'रंगकर्मी'नं केलं, दिल्लीत अरविंद गौड यांच्या 'अस्मिता'नं वर्षानुवर्षं केलं. लेखकाला २००४ मधे संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. २००६ मधे ते एका सकाळी घरातून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. त्यांचं नाटक मात्र रोज कुणीतरी नव्यानं उघडून वाचतं.

गोष्ट अगदी थोडक्यात. जवान रामचंदरनं आपल्याच एका अधिकाऱ्याला गोळी घालून मारलंय आणि दुसऱ्याला जखमी केलंय. गुन्हा तो नाकारत नाही. म्हणजे 'कुणी केलं' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निकालात. उरतो तो 'का'. बचावाचा वकील कॅप्टन बिकाश राय ते 'का' एकेका साक्षीदाराच्या पोटातून बाहेर काढतो. रामचंदरची जात काय होती, अधिकारी त्याला काय म्हणून हाक मारायचे, त्याच्याकडून कोणती कामं करून घ्यायचे, हे सगळं त्या खोलीत टेबलावर येतं. समोर बसलेत कर्नल सूरत सिंह. कायद्याला धरून चालणारे. शेवट सांगत नाही. पण बाहेर पडताना तुम्ही लगेच पार्किंगचं बोलणार नाही, एवढं नक्की.

आता हौशी ग्रुपना असं नाटक का आवडतं, त्याचं खरं कारण ऐका. स्वस्त! एक खोली, एक लांब टेबल, खुर्च्या, पाण्याचे ग्लास. गाणी नाहीत, नाच नाही, फिरता रंगमंच नाही. (आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं कोर्टाचं नाटक, अत्र्यांचं १९६२ चं 'तो मी नव्हेच', त्यात फिरता रंगमंचही होता आणि एकटे प्रभाकर पणशीकर पाच रूपांत यायचे. म्हणजे कास्टिंगचा प्रश्नच मिटला!) पण स्वस्तातली मेख पुढे कळते. सेट नाही, गाणं नाही, मारामारी नाही, म्हणजे लपायला जागा नाही. दोन तास प्रेक्षकांनी बघायचं काय? चेहरे. मग चेहरे चुकले की सगळं चुकलं.

हे काही आमच्यापुरतं नाही. हर्मन वौकचं 'द केन म्यूटिनी कोर्ट-मार्शल' १९५४ मधे ब्रॉडवेवर आलं तेव्हा चार्ल्स लॉटननं ते असंच उघड्या मंचावर, माणसांच्या भरवशावर उभं केलं. वकील ग्रीनवाल्ड झाला हेन्री फोंडा. पोस्टरवरचं मोठं नाव त्याचं. पण ज्याच्यावर नाटक तोललेलं असतं तो कॅप्टन क्वीग कोर्टात येतो फक्त दोनदा. पहिल्यांदा टापटीप, हसतमुख. दुसऱ्यांदा उलटतपासणीत हातातल्या पोलादी गोळ्या फिरवत फिरवत सगळ्यांसमोर उसवत जातो. ती भूमिका लॉइड नोलननं केली आणि टीव्हीवर हेच काम केल्याबद्दल त्याला एमी पुरस्कार मिळाला. म्हणजे मंचावर किती वेळ आहात याचा आणि लक्षात किती राहता याचा संबंध नसतो. (हे अप्रेझलच्या फॉर्मवर लिहून चालत नाही. माहितीसाठी सांगितलं.)

हेच नाटक १९८८ मधे चार्लटन हेस्टननं बीजिंगला जाऊन चिनी नटांकडून बसवून घेतलं. त्याला चिनी येत नव्हतं. तरी बसलं. कारण 'सर, परमिशन' म्हणणारा आवाज आणि 'डिसमिस' म्हणणारा आवाज, यातला फरक ऐकायला भाषा लागत नाही.

तर, ऑडिशन. दोन शनिवार, दोन रविवार. वहीत चौतीस नावं.

पहिला धडा पहिल्या तासात मिळाला. ज्याला कर्नल व्हायचंय तो ओरडतो. एकामागून एक सगळे ओरडले. कुणी 'अ फ्यू गुड मेन'मधला जॅक निकल्सन घरून घेऊन आलेला, कुणी २००८ च्या 'शौर्य'मधला केके मेनन. दोष त्यांचा नाही. अॅरन सॉर्किनचं ते नाटक १९८९ मधे ब्रॉडवेवर आलं, १९९२ मधे सिनेमा झाला आणि तेव्हापासून लष्करी कोर्ट म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र. लाल चेहरा, फुगलेल्या शिरा, टेबलावर मूठ. आमच्या हॉलमधे तर एका उमेदवारानं सहावीच्या बाकावर मूठ आपटली आणि बाकाची फळी निघाली. शिपाईकाकांनी फक्त एकदा आत डोकावून पाहिलं. काही बोलले नाहीत, नुसतं पाहिलं. हॉल गप्प.

दादा हळूच म्हणाला, "बघा. कर्नल असा असतो."

दुसरा धडा आमच्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांनी दिला. फौजेत आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही एक दुपार बसवून घेतलं. त्यांनी आमच्या नटांना नुसतं आत यायला सांगितलं. आत या, थांबा, बाहेर जा. अर्धा तास एवढंच. म्हणाले, "तुम्ही सगळे चालताना मोबाईल शोधताय." खरंच, प्रत्येकाचा हात खिशाकडे! मग एकानं झोकात सॅल्यूट ठोकला. काका म्हणाले, "टोपी कुठाय? डोक्यावर टोपी नाही तर सॅल्यूट नाही. सावधान उभं राहायचं." सिनेमावाले हे सर्रास चुकतात म्हणे. त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी सॅल्यूट मारला की दहा रुपये दंड. चहाचा खर्च भागतो.

केसांचा विषय निघाला तेव्हा मात्र चार जण कमी झाले. फॉर्मवर मी एक रकाना वाढवला होता, 'भूमिकेसाठी केस कापण्याची तयारी आहे का? दाढी?' एकानं लिहिलं, 'भूमिका कोणती आहे त्यावर अवलंबून.' एकानं लिहिलं, 'लग्न ठरतंय, फेब्रुवारीनंतर विचारा.'

तिसरी अडचण कायद्याची. आर्मी अॅक्ट, १९५० म्हणतो की जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी बसायला हवेत. प्रत्येकाची कमिशन मिळून किमान तीन वर्षं झालेली, त्यातले किमान चार कॅप्टन किंवा त्यावरच्या हुद्द्याचे. दादाला ते पाचही मंचावर हवे होते. म्हणजे कर्नलच्या आजूबाजूला चार माणसं, जी जवळजवळ काही बोलणार नाहीत, पण पूर्ण वेळ दिसणार. हे काम कोण करणार? सगळ्यांना वाटतं, खुर्ची तर आहे, बसायचंय. बसून बघा! एक जण दहाव्या मिनिटाला झोपला. एक जण प्रत्येक वाक्यावर मान डोलवायला लागला, जणू सत्यनारायणाची कथा चाललीय. न बोलता, निवाडा करणाऱ्या माणसासारखं ऐकत बसणं हे स्वतंत्र काम आहे, आणि ते येणारे चौतिसात पाच-सहाच निघाले.

चौथी अडचण, खरं तर आमची जमेची बाजू. ऑडिशनला आलेल्यांत निम्म्या मुली. आणि नाटकात सगळे पुरुष. नाटक १९९१ चं. त्या वेळी फौजेत डॉक्टर आणि नर्सिंगच्या सेवेत स्त्रिया होत्या, इतर शाखांत अधिकारी म्हणून स्त्रिया यायला लागल्या १९९२ पासून. म्हणून साक्षीला येणारी डॉक्टर स्त्री असली तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. पण वकील? आज कायद्याच्या शाखेत स्त्री अधिकारी आहेत, २००८ मधे त्यांना तिथे पर्मनंट कमिशनचा मार्ग खुला झाला, २०२० मधे सुप्रीम कोर्टानं आणखी शाखांसाठीही निकाल दिला. मग नाटकाचा काळ आजचा करायचा का? विल्यम फ्रीडकिननं २०२३ च्या 'केन म्यूटिनी'मधे तसंच केलं होतं. गोष्ट आजच्या काळात आणली आणि सरकारी वकील स्त्री केली. आमच्याकडे यावर एक शनिवार भांडण झालं, एक रविवार अबोला झाला. शेवटी ठरलं की काळ आजचाच, आणि सरकारी वकील मेजर पुरी आमची होम-लोनवाली करणार. तिनं वाचलं तेव्हा साक्षीदार खरोखर घाबरला. ती म्हणाली, "काही नाही रे, रोजचंच आहे. फक्त इथे इन्कम प्रूफ मागत नाही."

इथपर्यंत सगळं हसत-खेळत. मग आला रामचंदर.

वहीच्या रकान्यात 'कोणती भूमिका आवडेल?' असं विचारलं होतं. बिकाश रायसाठी सतरा. कर्नलसाठी नऊ. कॅप्टन कपूर, म्हणजे तो जखमी झालेला, जातीवरून बोलणारा अधिकारी, त्याच्यासाठी दोन. रामचंदरसाठी शून्य. ज्याच्यावर खटला आहे, ज्याच्यामुळे नाटक आहे, तो कुणालाच नको! कारण सोपं आहे. त्याला भाषण नाही. तो उभा असतो आणि ऐकतो. वकिलाला टाळ्या, कर्नलला खुर्ची, व्हिलनलासुद्धा चार झणझणीत वाक्यं. रामचंदरला काय? 'जी, साब.'

चहाच्या वेळी चर्चा सुरू झाली, कुणाला घ्यायचं. ग्रुपमधले एक सीनियर म्हणाले, जरा सावळा, काटक मुलगा बघू या. दुसरं कुणी म्हणालं, बोलण्यात थोडा गावाकडचा टच हवा. मग तिसऱ्यानं चहाचा घोट घेत आमच्या पेरोलवाल्याकडे पाहिलं आणि अगदी प्रेमानं म्हटलं, "शोधताय कशाला? रामचंदर तर घरातच आहे."

कुणी हसलं नाही, कुणी 'काय बोलतोस' असंही म्हटलं नाही. आमचा पेरोलवाला सावळा नाही, काटक तर मुळीच नाही. नांदेडचा आहे, पुण्यात बारा वर्षं झाली, हिंदी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं बोलतो. मग 'घरातच' कशावरून? सगळ्यांना माहीत होतं कशावरून. आडनावावरून.

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "रामचंदर कुणीही वाचा. मला कर्नल वाचायचाय. फॉर्मवर लिहिलंय मी."

वही माझ्याकडेच होती. लिहिलेलं होतं. निळ्या पेनानं, मोठ्या अक्षरात.

हा प्रसंग मी इथे चघळायला सांगत नाहीये. पण कास्टिंग म्हणजे काय, हे मला त्या चहात कळलं. मराठीत लिहिलं तर भूमिका वाटणारं 'कास्ट' आणि जात सांगणारं 'कास्ट' एकच दिसतं. आम्ही पहिलं करत होतो आणि बोलत होतो दुसरं. तेही कोणत्या नाटकासाठी? जे बरोबर याच सवयीवर खटला भरतं, त्याच्यासाठी!

तेंडुलकरांना हे कधीच दिसलं होतं. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ चं. त्यातही एक हौशी ग्रुपच आहे. प्रयोगाआधी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात, गमतीगमतीत भूमिका वाटतात, आणि बेणारेला आरोपी करतात. खोटा खटला कधी खरा होतो ते तिलाही कळत नाही. आपल्याला ते नाटक आठवतं ते शेवटासाठी आणि सुलभा देशपांडेंसाठी. पण मला आता वाटतं, त्यातला सगळ्यात भीतीदायक क्षण भूमिका वाटण्याचा आहे. 'आरोपी तू हो' असं कुणाला म्हणायचं, हे त्या मंडळींना विचारच न करता सुचतं.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती मांडलीही गेली. आमची टेस्टिंगवाली म्हणाली, "पण ज्यानं भोगलंय त्यानं केलं तर जास्त खरं नाही का होणार?" प्रश्न चुकीचा नाही. चैतन्य ताम्हाणेच्या २०१४ च्या 'कोर्ट'मधे लोकशाहीर नारायण कांबळे केला होता वीरा साथीदार यांनी. ते स्वतः आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ मधे गेले. पिंजऱ्यात ते ज्या पद्धतीनं उभे राहतात, ते उभं राहणं शिकवून येत नाही. तिकडे अमेरिकेत चार्ल्स फुलरचं 'अ सोल्जर्स प्ले' १९८१ मधे 'निग्रो एन्सेम्बल कंपनी'नं केलं. लष्करातल्याच एका खुनाचा तपास. तपास करणारा कॅप्टन कृष्णवर्णीय, मेलेला सार्जंट कृष्णवर्णीय, संशयित जवानही. डेन्झेल वॉशिंग्टन आणि सॅम्युएल जॅक्सन दोघंही त्यात, दोघंही तेव्हा फारसे कुणाला माहीत नसलेले. तिथे कॅप्टनपासून जवानापर्यंत सगळ्या भूमिकांची दारं त्या नटांना उघडी होती, कारण कंपनीच त्यांची होती.

फरक इथेच आहे. भोगलेलं माणसाच्या मालकीचं असतं. ते मंचावर आणायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. 'तुझ्याकडे आहेच ना, मग आण' असं चहा पिता पिता दुसऱ्यानं सांगायचं नसतं.

दादानं पुढच्या शनिवारी दोन गोष्टी केल्या. पहिली, मला सांगितलं की फॉर्मवरची नावं झाक, नुसते नंबर ठेव. आणि प्रत्येकानं तीन भूमिका वाचायच्या. कर्नल, कपूर आणि रामचंदर. आवडो न आवडो.

कपूर वाचताना हॉलची हवा बदलली. ते शब्द तोंडातून काढायचे म्हणजे गंमत नाही. एक जण वाक्याच्या मधेच थांबला आणि म्हणाला, मला नाही जमणार. दोघा-तिघांनी ते हसत हसत वाचले, म्हणजे 'मी असा नाही हं' हे प्रेक्षकांना आधीच सांगून टाकत. ते उपयोगाचं नाही. जमलं ते आमच्या डेंटिस्टला. एकदम मऊ आवाज, सभ्य, जवळजवळ प्रेमळ. दात काढण्यापूर्वी बोलतात तसा. अंगावर काटा आला. वाचून झाल्यावर तो दहा मिनिटं बाहेर व्हरांड्यात उभा होता.

रामचंदर वाचताना बहुतेक सगळे रडले. हात जोडले, आवाज कापरा केला. दादा प्रत्येकाला एवढंच म्हणाला, "तो दया मागत नाहीये." मग त्यानं वाचणंच बंद केलं. म्हणाला, आता रामचंदरची ऑडिशन ऐकण्याची. एकेकानं पंधरा मिनिटं सावधान उभं राहायचं, समोर बाकीचे साक्षीचा प्रसंग वाचणार. हलायचं नाही, चेहऱ्यानं काही सांगायचं नाही. नुसतं ऐकायचं. मोबाईल नाही, खाज नाही, 'एक मिनिट' नाही. कुणाचे गुडघे थरथरले, कुणाची नजर घड्याळाकडे गेली. एकवीस नंबर मात्र उभा राहिला, आणि बाराव्या मिनिटाला वाचणारा कपूर, आमचा डेंटिस्ट, त्याच्याकडे बघायचं टाळायला लागला. हे कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप झालं.

दादाची दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. कोर्ट मार्शलमधे सदस्यांची मतं घेण्याची एक रीत आहे. सगळ्यात ज्युनियर अधिकारी आधी बोलतो, मग त्याच्या वरचा, असं करत सगळ्यात सीनियर शेवटी. का? साहेबांचं मत आधी कळलं की खालचे सगळे मान डोलवणार. किती साधी युक्ती! (उद्याच्या रिव्ह्यू मीटिंगमधे करून बघा. पण नोकरी सांभाळून.) आमच्या निवडसमितीतही पाच जण होते. दादानं तोच नियम लावला. सगळ्यात ज्युनियर मी. म्हणून आधी मी.

मी म्हटलं, कर्नल, सात नंबर. जो एकदाही ओरडला नाही. ज्यानं वाक्य संपल्यावर पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला नाही, परत ठेवला, आणि तेवढ्यात आम्हाला सगळ्यांना आपण काय गुन्हा केलाय ते आठवायला लागलं. माझ्यानंतर टेस्टिंगवाली. सात. मग तिसरा, सात. चौथे आमचे सीनियर, 'सावळा, काटक' म्हणणारे. थोडा वेळ थांबले. सात. दादानं नुसती मान हलवली आणि मला नंबर उघडायला सांगितलं.

सात नंबर पेरोलवाला होता.

एकवीस नंबर, म्हणजे आमचा रामचंदर, एक सपोर्ट इंजिनियर. रात्रपाळीत दुसऱ्या देशातल्या लोकांचं शांतपणे ऐकून घेणं हाच त्याचा पेशा. तो आता घरी रोज वीस मिनिटं गॅलरीत सावधान उभा राहतो, आणि शेजाऱ्यांनी त्याच्या आईला विचारलंय, सगळं ठीक आहे ना?

प्रॅक्टिस जोरात चालू आहे. कर्नल सूरत सिंह ऑफिसात महिनाअखेरीला लोकांच्या पगाराच्या तक्रारी ऐकतात, तिथेच आपल्याला आवाज सापडला असं सांगतात. ज्यानं 'घरातच आहे' म्हटलं होतं, तो आता निवाडा करणाऱ्या चौघांतला एक आहे आणि पूर्ण नाटकभर कर्नलच्या डाव्या हाताला बसतो. त्या दिवसाबद्दल दोघं काही बोलल्याचं मला माहीत नाही. चहा मात्र एकत्र घेतात.

आणि हो, मी कुणालाही सांगितलं की आमच्याकडे रामचंदर कोण करतंय, तर लगेच पुढचा प्रश्न येतो. "अच्छा. आडनाव काय?" तुमच्याही मनात आला ना आत्ता? मी सांगत नाही.

गेल्या रविवारी प्रयोगाचं हँडबिल करायला बसलो होतो. कुणीतरी सुचवलं, नटांची नुसती पहिली नावं छापू या. मॉडर्न वाटतं, आणि नाटकाच्या विषयाला धरूनही आहे. बऱ्याच जणांना पटलं. मीसुद्धा वहीत तशी यादी करायला घेतली. तेव्हा आमच्या कर्नलनं पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

"बाकीच्यांचं बघा काय ते," तो म्हणाला. "माझं पूर्ण छापा. आडनावासकट. आणि त्याच्यासमोर लिहा, कर्नल सूरत सिंह."

मग सगळ्यांचीच पूर्ण नावं छापायची ठरलं. माझंही आहे, अगदी खाली, 'कास्टिंग'च्या समोर.